वाचक विचारतात : राजवायूंचा अलिप्तपणा कुठवर?

मागच्या अंकात आवर्तसारणीच्या अठराव्या गणाविषयी, म्हणजे हेलिअम, निऑन, अरगॉन, क्रिप्टॉन, झेनॉन आणि रेडॉन या वायूंविषयी प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांत बारावीच्या परीक्षेपासून वेल्डिंगच्या टॉर्चपर्यंत सगळे होते. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरे देत आहोत. ‘राजवायू’ आणि ‘निष्क्रिय वायू’ ही दोन्ही नावे प्रचारात आहेत. आम्ही पहिले वापरले आहे, कारण दुसरे १९६२ पासून खरे राहिलेले नाही.

प्रश्न : झेनॉनचे अष्टक पूर्ण आहे, मग तो फ्लुओरीनशी संयुगे कशी करतो? आणि फ्लुओरीनशीच का? क्लोरीनशी का नाही? त्यांचे आकार पाठ न करता काढता येतात का? — बारावीचा विद्यार्थी, लातूर

बाहेरचे आठ इलेक्ट्रॉन पूर्ण झाले की अणू स्थिर, हा अष्टकाचा नियम कार्बन, नायट्रोजन, ऑक्सिजन यांच्यासाठी बेतलेला आहे. झेनॉनला तो लावताना एक गोष्ट नजरेतून सुटते : बाहेरचे आठ इलेक्ट्रॉन केंद्रकापासून किती लांब आहेत. हेलिअमचा एक इलेक्ट्रॉन काढायला २४.६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात, निऑनला २१.६, अरगॉनला १५.८, क्रिप्टॉनला १४.०, झेनॉनला १२.१ आणि रेडॉनला १०.७. गणात खाली जावे तसा अणू मोठा होतो आणि बाहेरच्या इलेक्ट्रॉनांवरची पकड सैल पडते. ऑक्सिजनच्या रेणूचा आकडाही १२.१ च आहे. अख्खी गोष्ट या योगायोगातून सुरू झाली.

कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात रसायनज्ञ नील बार्टलेट प्लॅटिनम हेक्झाफ्लुओराइडवर काम करत होते. हा गडद लाल वाफेचा पदार्थ इतका आक्रमक आहे की तो ऑक्सिजनच्या रेणूचाही इलेक्ट्रॉन ओढून घेतो. बार्टलेटनी हिशेब मांडला : ऑक्सिजनचा निघतो, तर झेनॉनचाही निघायला हवा. २३ मार्च १९६२ रोजी त्यांनी दोन वायूंमधला काचेचा अडसर फोडला आणि साध्या खोलीच्या तापमानाला लाल वाफेतून पिवळसर नारिंगी घन पदार्थ खाली बसला. हा पदार्थ एकच शुद्ध संयुग नसून मिश्रण आहे हे पुढे कळले, पण झेनॉन त्यात बांधला गेला होता, यात शंका नव्हती. त्याआधी १८९५ मध्ये ब्रिटिश रसायनज्ञ रामसे यांनी पाठवलेल्या अरगॉनवर फ्रेंच रसायनज्ञ मोआसाँ यांनी फ्लुओरीन सोडून पाहिला होता, काही घडले नाही. १९३३ मध्ये अमेरिकी रसायनज्ञ पॉलिंग यांनी झेनॉन हेक्झाफ्लुओराइड शक्य असल्याचे लिहिले होते आणि कॅलिफोर्नियात प्रयत्नही झाला, तो फसला. मग तीस वर्षे बहुतेकांनी तो नाद सोडला. पाठ्यपुस्तकातल्या ‘निष्क्रिय’ या एका शब्दाचा त्यात मोठा हात असावा, असे आमचे मत.

आता फ्लुओरीनच का, ते पाहू. नवे बंध जुळताना मिळणारी ऊर्जा जुना बंध तोडायला लागणाऱ्या ऊर्जेपेक्षा जास्त हवी. फ्लुओरीनच्या रेणूतला बंध फार कच्चा, मोलमागे सुमारे १५८ किलोज्यूलचा. झेनॉन-फ्लुओरीन बंध सुमारे १३० चा. दोन बंध जुळले की २६० मिळतात, म्हणजे व्यवहार फायद्यात. क्लोरीनचा बंध तोडायलाच २४२ लागतात आणि झेनॉन-क्लोरीन बंध त्याहून बराच दुबळा, म्हणून तिथे तोटा होतो. ऑक्सिजनचा बंध तर ४९८ चा, त्यामुळे झेनॉनची ऑक्साइडे थेट ऑक्सिजनपासून बनत नाहीत, फ्लुओराइडांवर पाण्याची क्रिया करून मिळवावी लागतात.

झेनॉनची फ्लुओराइडे तीन : डाय, टेट्रा आणि हेक्झा, म्हणजे झेनॉनच्या एका अणूला फ्लुओरीनचे दोन, चार आणि सहा अणू. कृती तिन्हींची सारखीच : कोरडा झेनॉन आणि कोरडा फ्लुओरीन निकेलच्या बंद भांड्यात तापवायचे. फरक प्रमाणाचा आणि दाबाचा. झेनॉन जास्त ठेवून ४०० अंश सेल्सिअसला, साधारण १ बार दाबाला डायफ्लुओराइड मिळते. झेनॉन १ ला फ्लुओरीन ५ या प्रमाणात ६–७ बारला टेट्राफ्लुओराइड मिळते. मूळ प्रयोगात तापमान ४०० अंश होते, काही पुस्तकांत ६०० छापलेले असते. परीक्षेत आपल्या पुस्तकातला आकडा लिहावा. हेक्झाफ्लुओराइडसाठी प्रमाण १ ला २०, तापमान ३०० अंश, दाब ६०–७० बार. निकेल यासाठी की त्यावर फ्लुओराइडचा पातळ थर बसतो आणि आतला धातू वाचतो.

बिघाड होतो तो ओलाव्यामुळे. डायफ्लुओराइड पाण्यात सावकाश फुटते. झेनॉन, ऑक्सिजन आणि हायड्रोजन फ्लुओराइड देऊन मोकळे होते. टेट्रा आणि हेक्झा मात्र पाण्याशी झेनॉन ट्रायऑक्साइड तयार करतात. पाण्यात विरघळलेले असेपर्यंत ते गप्प असते, वाळले की जरा घासल्यानेही स्फोट होतो. हेक्झाफ्लुओराइड काचेत साठवू नये याचेही कारण हेच. ते काचेतल्या सिलिकेशी क्रिया करून आधी ऑक्सिटेट्राफ्लुओराइड (झेनॉनला एक ऑक्सिजन, चार फ्लुओरीन) देते आणि क्रिया पुढे सरकत शेवटी ट्रायऑक्साइडवर येते. बाटली धुतलेली, स्वच्छ दिसते आणि कडांना पांढरे कण असतात, ते हेच.

आकारांसाठी साधी बेरीज पुरते. झेनॉनजवळ बाहेर ८ इलेक्ट्रॉन आहेत. प्रत्येक फ्लुओरीन १ गुंतवतो, प्रत्येक ऑक्सिजन २. उरतील त्यांच्या जोड्या करा आणि त्यात बंधांची संख्या मिळवा. डायफ्लुओराइडमध्ये ६ उरतात, म्हणजे ३ एकाकी (बंधात नसलेल्या) जोड्या आणि २ बंध, एकूण ५ दिशा. एकाकी जोड्या मधल्या त्रिकोणात बसतात, फ्लुओरीन वर आणि खाली, म्हणून रेणू सरळ रेषेत. टेट्रामध्ये २ जोड्या आणि ४ बंध : जोड्या समोरासमोर, फ्लुओरीन सपाट चौरसात. हेक्झामध्ये १ जोडी आणि ६ बंध : तिरपागडा अष्टफलक. ट्रायऑक्साइडमध्ये १ जोडी आणि ३ बंध : तीन बाजूंचा पिरॅमिड. ऑक्सिटेट्राफ्लुओराइडमध्ये १ जोडी आणि ५ बंध : चौरस पायाचा पिरॅमिड.

एक सूचना. पुस्तकात डायफ्लुओराइडसाठी ‘एसपी३डी संकरण’, म्हणजे एस, पी आणि डी कक्षकांची सरमिसळ, दिलेले असते. उत्तरपत्रिकेत ते लिहा, गुण मिळतील. पण झेनॉनची डी कक्षके ऊर्जेने इतकी वर आहेत की बंधात त्यांचा वाटा नगण्य असतो. आज मान्य असलेले चित्र वेगळे आहे : फ्लुओरीन-झेनॉन-फ्लुओरीन या तीन अणूंवर चार इलेक्ट्रॉन पसरलेले असतात आणि त्यांतले बहुतेक दोन्ही टोकांच्या फ्लुओरीनकडे झुकतात. म्हणजे झेनॉनचे अष्टक मोडतच नाही, त्यातला काही हिस्सा तो उसना देतो.

प्रश्न : आमच्याकडे स्टेनलेस स्टीलचे आर्गन वेल्डिंग चालते. नायट्रोजनही कशाशी क्रिया करत नाही आणि स्वस्त पडतो, तो टॉर्चला लावला तर? दुसरे म्हणजे, जोडात बारीक भोके पडतात. गॅसचा फ्लो २० लिटरपर्यंत वाढवला तरी जात नाहीत. — फॅब्रिकेशन वर्कशॉप, भोसरी

टॉर्चला नायट्रोजन लावू नका. खोलीच्या तापमानाला नायट्रोजन शांत दिसतो तो त्याच्या तिहेरी बंधामुळे. आर्कच्या काही हजार अंशांत तो बंध तुटतो आणि मोकळे नायट्रोजन अणू वितळलेल्या धातूत घुसतात. साध्या लोखंडात ते थिजताना बाहेर पडतात, त्याची भोके होतात, आणि जोड ठिसूळ होतो. ३०४ किंवा ३१६ या स्टेनलेस स्टीलच्या प्रकारांत नायट्रोजन विरघळून राहतो, पण त्याने जोडातले फेराइट (लोखंडाची एक स्फटिकरचना) घटते आणि गरम असतानाच तडा जाण्याचा धोका वाढतो. टायटॅनियमचा तर नायट्राइडच होतो. टॉर्चमधल्या टंगस्टन इलेक्ट्रोडचे टोकही लवकर झिजते. अरगॉनकडे मुळात तोडायला बंधच नाही, तो एकेकट्या अणूंचा वायू आहे. सूर्याइतक्या तापमानालाही तो फार तर आयन होईल, धातूशी संयुग करणार नाही. दोन्ही वायू ‘शांत’ असले तरी शांततेची कारणे वेगळी आहेत, आणि तुमच्या कामात तोच फरक नडतो. पाइपच्या आतून पर्जिंग करायला, म्हणजे वायू सोडून आतली हवा हुसकायला मात्र ३०४, ३१६ साठी नायट्रोजन चालतो, कारण तिथे आर्क नसतो. टायटॅनियमला तिथेही अरगॉनच.

आता भोके. फ्लो वाढवल्याने ती जात नाहीत, उलट वाढू शकतात. ६ ते ८ नंबरच्या कपला (टॉर्चच्या तोंडावरच्या टोपीला) मिनिटाला ८ ते १२ लिटर पुरतात. त्यापुढे गॅस कपमधून सरळ न येता घुसळत बाहेर पडतो आणि आजूबाजूची हवा आत ओढतो. म्हणजे वीस लिटर गॅस जाळून तुम्ही जोडाला हवा पाजता. आधी फ्लो १० वर आणा, मग पुढची तपासणी या क्रमाने करा.

सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करून रेग्युलेटरचा काटा दहा मिनिटे पाहा. टॉर्च बंद असताना काटा उतरला तर गळती आहे. सांधे साबणाच्या पाण्याने तपासा. टॉर्चच्या मागच्या टोपीतला ओ-रिंग बहुतेकदा दोषी निघतो : तो चिरला की गॅस बाहेर जाण्याऐवजी हवा आत येते, आणि साबणाला ती दिसत नाही. टंगस्टन कपबाहेर ३ ते ६ मिलिमीटरच असावे. त्याहून लांब हवे असेल तर गॅस लेन्स (गॅसची धार सरळ ठेवणारी जाळी) बसवा. कामाच्या जागेवरचा पंखा बंद करा. फिलर वायर आणि जोडाच्या कडा ॲसिटोनने पुसा, कारण तेल आणि ओल यांतला हायड्रोजनही भोके पाडतो. जुना रबरी पाइप बाहेरची ओल आत झिरपू देतो, तो बदला.

आर्क थांबल्यावर गॅस लगेच बंद करू नका. दर १० अँपिअरला १ सेकंद हा ठोकताळा ठेवा, म्हणजे १०० अँपिअरला साधारण १० सेकंद. टंगस्टनचे टोक निळे-काळे झाले तर हा नंतरचा गॅस (पोस्ट-फ्लो) कमी पडला. स्टेनलेसचा जोड चंदेरी किंवा फिकट सोनेरी आला तर संरक्षण चांगले. निळा आला तर जेमतेम. करडा-काळा आला तर हवा शिरली. पाइपच्या आत साखरेसारखे खडे दिसले तर पर्जिंग झालेलेच नाही.

गॅसचा हिशेबही सांगतो. ४७ लिटर पाण्याच्या मापाचे सिलिंडर १५० बारला भरले की सुमारे ७ घनमीटर वायू मिळतो. १० लिटरच्या फ्लोला तो साडेअकरा तास पुरतो, २० ला निम्मा वेळ.

एक इशारा. अरगॉन हवेपेक्षा सुमारे १.४ पट जड आहे. टाकीत, खड्ड्यात, पर्ज केलेल्या मोठ्या पाइपात तो तळाला साचून राहतो. त्याला वास नाही, घुसमटही जाणवत नाही, कारण शरीराला गुदमरल्याची जाणीव कार्बन डायऑक्साइड साचल्याने होते, ऑक्सिजन घटल्याने नव्हे. माणूस काही श्वासांत कोसळतो, आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही. आत जाण्याआधी तळाशी मीटर लावून ऑक्सिजन १९.५ टक्क्यांच्या वर असल्याची खात्री करा आणि बाहेर एक माणूस उभा ठेवा.

प्रश्न : हेलिअमचा शोध विजयदुर्ग किल्ल्यावर लागला असे आमच्याकडे सांगतात. ‘साहेबाचे ओटे’ही दाखवतात. हे खरे का? — देवगड

ओटे खरे, पण साल वेगळे. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणात फ्रेंच खगोलज्ञ जाँसेन यांनी आंध्रातल्या गुंटूर इथून सूर्यावरच्या ज्वाळांचा वर्णपट घेतला. तुमच्या ओट्यांचे ‘साहेब’, ब्रिटिश खगोलज्ञ नॉर्मन लॉकियर, तेव्हा भारतात नव्हते. त्यांनी २० ऑक्टोबर १८६८ रोजी लंडनमधून, ग्रहण नसताना, तसाच वर्णपट पाहिला. दोघांची पत्रे पॅरिसच्या अकादमीत एकाच दिवशी पोचली. वर्णपटातली पिवळी रेषा ५८७.६ नॅनोमीटरवर होती, सोडिअमच्या ५८९.० आणि ५८९.६ या जोडरेषेच्या अगदी शेजारी, पण तिच्यावर नाही. लॉकियर यांनी ती नव्या मूलद्रव्याची ठरवली. पृथ्वीवर हेलिअम सापडला १८९५ मध्ये. रामसे क्लीव्हाइट या युरेनियमच्या खनिजात अरगॉन शोधत होते, हाती हेलिअम लागला.

लॉकियर विजयदुर्गला आले ते २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी. ब्रिटिश युद्धनौकेच्या खलाशांच्या मदतीने त्यांनी किल्ल्यावर छावणी टाकून ओट्यांवर दुर्बिणी उभ्या केल्या. त्याच ग्रहणासाठी पुण्याच्या सायन्स कॉलेजचे प्राध्यापक कावसजी नायगमवाला सोलापूर जिल्ह्यात जेऊरला गेले होते. हेलिअम शोधणारा माणूस विजयदुर्गावर उभा होता, एवढे अभिमानाने सांगावे. शोध तिथे लागला म्हणू नये.

प्रश्न : टेस्टरमधला दिवा निऑनचा असतो असे ऐकले. सॉकेटच्या दोन्ही भोकांत टेस्टर पेटतो, हे कसे? — नाशिक

हो, आत दोन तारांची टोके असलेली छोटी नळी असते, कमी दाबाचा निऑन भरलेली, आणि तिच्या मागे सुमारे १ मेगाओहमचा रोधक. त्यामुळे २३० व्होल्टला शरीरातून पाव मिलिअँपिअरपेक्षा कमी प्रवाह जातो. साधारण ६० ते ९० व्होल्टला निऑन पेटतो. निऑन एकटा असता तर जास्त व्होल्ट लागले असते, म्हणून त्यात अर्धा टक्का किंवा त्याहूनही कमी अरगॉन घालतात. धडकेने चेतलेल्या निऑन अणूजवळ १६.६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा काही काळ अडकून राहते, आणि अरगॉनला आयन करायला १५.८ च लागतात. निऑन ती ऊर्जा अरगॉनला देतो आणि नळी लवकर पेटते. एसीवर दोन्ही टोके उजळतात, डीसीवर फक्त ऋण टोक.

दोन्ही भोकांत पेटतो याचा नेहमीचा अर्थ : न्यूट्रल कुठेतरी तुटली आहे आणि त्या लाइनवर एखादे उपकरण चालू आहे. त्याच्यातून फेज न्यूट्रलच्या तारेवर येते. घरातली सगळी उपकरणे प्लगमधून काढून पुन्हा पाहा, एक भोक विझेल. बिघाड बोर्डातल्या ढिल्या स्क्रूत असतो किंवा मीटरजवळ, आणि ते काम वायरमनचे. शेजारच्या चालू तारेमुळेही मृत तारेवर टेस्टर मंद पेटतो. उलट, भर उन्हात किंवा लाकडी स्टुलावर उभे असताना पेटलेला दिवा दिसतच नाही. म्हणून टेस्टर पेटला नाही तरी तार मृत समजून हात लावू नये. मेन स्विच बंद करावा.

प्रश्न : अरगॉनचे अणुवस्तुमान ३९.९५ आणि पोटॅशिअमचे ३९.१०, तरी अरगॉन आधी का? — शिक्षिका, सांगली

क्रम अणुअंकाने लागतो, अरगॉन १८ आणि पोटॅशिअम १९. वजन उलटे झाले ते पोटॅशिअममुळेच. पोटॅशिअम-४० हा किरणोत्सारी आहे, अर्धायुष्य सुमारे १२५ कोटी वर्षे. त्यातले साधारण ११ टक्के अणू अरगॉन-४० होतात, बाकीचे कॅल्शिअम-४०. हवेतला ९९.६ टक्के अरगॉन असा खडकांतून आलेला आहे, म्हणून तो जड. सूर्यातला अरगॉन बहुतांश ३६ वस्तुमानाचा.

मुलांना सांगायला याची एक छान बाजू आहे. लाव्हा वितळलेला असताना त्यातला अरगॉन कशालाच बांधलेला नसल्याने निसटून जातो. लाव्हा थिजला की नंतर तयार होणारा अरगॉन स्फटिकांच्या जाळीत कोंडून राहतो. तो मोजला की खडकाचे वय मिळते. सह्याद्रीच्या बेसाल्टचे वय सुमारे ६.६ कोटी वर्षे, हे ठरवण्यात या मापनाचा मोठा वाटा आहे. अडचण येते ती कुजलेल्या खडकात : पाणी मुरून पोटॅशिअम हलतो, अरगॉन गळतो आणि वय चुकते. त्यावर उपाय म्हणून नमुना अणुभट्टीत ठेवून पोटॅशिअम-३९ चा अरगॉन-३९ करतात आणि टप्प्याटप्प्याने तापवून दोन्ही अरगॉन एकत्र मोजतात. प्रत्येक टप्प्याला तेच वय आले तर नमुना विश्वासाचा.

प्रश्न : वाढदिवसाच्या फुग्यांत हेलिअम आहे की हायड्रोजन, कसे ओळखायचे? मुले तो ओढून आवाज बदलतात, चालेल का? — ठाणे

उचलण्याच्या ताकदीवरून ओळखता येत नाही. हेलिअम लिटरमागे सुमारे १.०४ ग्रॅम उचलतो, हायड्रोजन १.१२. अठ्ठावीस सेंटिमीटरच्या फुग्यात ११.५ लिटर मावतात, म्हणजे १२ ग्रॅम उचल, त्यातले ३ ग्रॅम रबराचे. काडी लावून तर मुळीच पाहू नका : हवेत ४ ते ७५ टक्के हायड्रोजन असला की तो पेटतो. विक्रेत्याची टाकी पाहा. कंपनीचे सील, शिक्के आणि रेग्युलेटर असलेले सिलिंडर हवे. घरगुती जोडकामाची टाकी, शेजारी कॉस्टिक सोडा आणि ॲल्युमिनिअमचा भंगार असेल तर तो हायड्रोजन, आणि फुग्यांपेक्षा ती टाकीच जास्त घातक. तिथून मुलांना लांब न्या.

रबरी फुगा दुसऱ्या दिवशी खाली येतो कारण हेलिअम रबरातून झिरपतो. चकचकीत फॉइलचा अनेक दिवस टिकतो.

आवाजासाठी हेलिअम ओढू देऊ नका. स्वरतंतू पूर्वीइतक्याच वेगाने थरथरतात. हेलिअममध्ये ध्वनी सेकंदाला सुमारे १००० मीटर धावतो, हवेत ३४३, त्यामुळे तोंडाच्या पोकळीत घुमणाऱ्या वारंवारता वर सरकतात आणि आवाज चिरका वाटतो. पण तेवढा वेळ फुप्फुसात ऑक्सिजन नसतो आणि भोवळ येऊन मूल पडू शकते. सिलिंडरला थेट तोंड लावल्यास दाबाने फुप्फुस फाटते.

प्रश्न : मग हेलिअम आणि निऑनचे एकही संयुग नाही? — नववीतली विद्यार्थिनी, पणजी

बाटलीत भरून ठेवता येईल असे नाही. हेलिअम आणि हायड्रोजनचा जोड-आयन प्रयोगशाळेत १९२५ पासून माहीत आहे आणि २०१९ मध्ये तो एनजीसी ७०२७ या तेजोमेघात सापडला, पण तो विद्युतभारित आहे, उदासीन रेणू नव्हे. २०१७ मध्ये हवेच्या सुमारे अकरा लाख पट दाबाखाली सोडिअम आणि हेलिअमचा एक स्फटिक मिळाला. त्यातही हेलिअम जागा अडवून बसतो, सोडिअमशी नेहमीसारखा बंध करत नाही. अरगॉनने थोडी दाद दिली आहे : २००० मध्ये हेलसिंकीत हायड्रोजन, अरगॉन आणि फ्लुओरीन यांचा रेणू उणे २६५ अंशांच्या आसपास गोठलेल्या अरगॉनमध्ये पकडला गेला. वीसेक अंश वर गेले की तो मोडतो. निऑनचा उदासीन रेणू मात्र अजून कुणाच्या हाती लागलेला नाही.